तलवार आणि धर्म : एका सोप्या निवाड्याची तपासणी

अलीकडे आमच्या सुशिक्षित घरांतून एक निवाडा फार सुलभ झाला आहे. तो असा, की ख्रिस्ती धर्म मूळचाच प्रेमाचा आणि इस्लाम मूळचाच तलवारीचा. ख्रिस्त्यांनी रक्त सांडले ते धर्म विसरून, मुसलमानांनी सांडले ते धर्म आठवून. ह्याच्या उलट दुसरा एक निवाडा आहे, आणि त्याचे वास्तव्य मुख्यतः सभांच्या व्यासपीठांवर असते : सर्व धर्म शांतीच सांगतात, हिंसा करणारास धर्म कळलेलाच नसतो. पहिल्याने शेजाऱ्यास ओळखण्याचे कष्ट वाचतात, दुसऱ्याने त्याच्याशी स्पष्ट बोलण्याचे. दोन्ही निवाडे आळशी आहेत, दोन्ही खोटे आहेत, आणि ते तसे का आहेत हे दाखविण्याचा आमचा आज विचार आहे.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता असता तर तो आम्ही पंडितांवर सोपवून स्वस्थ बसलो असतो. परंतु १७ एप्रिल २०२२ च्या रात्री अचलपुरात दुल्हा दरवाज्यावरील झेंड्यांवरून दोन जमावांत दगडफेक झाली आणि अचलपूर व परतवाडा ह्या जुळ्या गावांवर संचारबंदी आली. कमानीवर कोणाचे कापड फडकावे ह्या प्रश्नापायी ज्याच्या दुकानाचे दार बंद झाले त्याला पैगंबराच्या लढाया किंवा ख्रिस्ताचा डोंगरावरील उपदेश ह्यांविषयी कोणी मत विचारले नव्हते. परंतु दगड उचलणाऱ्या हातास बळ मिळते ते अशाच सोप्या निवाड्यांतून. म्हणून त्यांची झडती घेणे हे वऱ्हाडातील वाचकाचे घरचेच काम आहे.

प्रथम पूर्वपक्षास जे देणे योग्य आहे ते देऊन टाकू. दोन्ही धर्मांच्या संस्थापकांच्या चरित्रांत मोठे अंतर आहे, आणि ते नाकारण्यात सभ्यता असली तरी सत्य नाही. येशूजवळ राज्य नव्हते, सैन्य नव्हते, न्यायासन नव्हते. त्याला पकडावयास लोक आले तेव्हा शिष्याने उपसलेली तलवार त्याने म्यान करावयास लावली आणि तो वधस्तंभाकडे गेला. महंमद पैगंबरांची गोष्ट निराळी आहे. मक्केत सुमारे बारा वर्षे त्यांनी उपहास व छळ सोसला. परंतु ६२२ त मदिनेस गेल्यावर ते उपदेशकाबरोबरच राज्यकर्ते, न्यायाधीश आणि सेनापतीही झाले. ६२४ त बद्रची लढाई झाली; ६२७ त बनू कुरैझा ह्या ज्यू टोळीतील पुरुषांचा शिरच्छेद झाल्याचे मुसलमान चरित्रकारांनीच नमूद करून ठेविले आहे. एकाच पुरुषाच्या हाती उपदेश आणि राज्य आले म्हणजे युद्ध, तह, लूट व कैदी ह्यांचे नियम धर्मग्रंथातच शिरणार हे उघड आहे. ख्रिस्त्यांच्या नव्या करारात ते नाहीत, कारण त्या ग्रंथाच्या कर्त्यांजवळ चालविण्यास राज्यच नव्हते.

इतके मान्य केल्यावर आमच्या प्रतिपक्षाचा चेहरा प्रफुल्लित होईल. त्याने थोडा धीर धरावा. उगमाचे पाणी निर्मळ म्हणून नदी निर्मळ, हा न्याय लावावयाचा तर नदीच्या काठाने चालून पाहावे लागते.

ख्रिस्ती धर्माजवळ पहिली तीन शतके तलवार नव्हती आणि तोपर्यंत तो अहिंसक राहिला, ह्यात त्याचा गौरव आहे तसाच परिस्थितीचाही वाटा आहे. ३१३ त त्याला राजमान्यता मिळाली, ३८० त तो रोमन साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला, आणि ३८५ त, म्हणजे अवघ्या पाच वर्षांत, प्रिसिलियन नावाच्या धर्मगुरूस ट्रिअर नगरात सम्राटाच्या आज्ञेने देहान्त शासन झाले. त्याच्यावर ठपका जादूटोण्याचा ठेवला असला तरी त्याचा खरा अपराध ख्रिस्ताविषयी निराळे मत हाच होता, आणि त्याचे फिर्यादीही ख्रिस्ती बिशपच होते. ज्याने तलवार म्यान करावयास लाविली त्याच्या नावाने तलवार चालू होण्यास फक्त राज्याचा पाठिंबा पुरला. पुढे ७८२ त शार्लमान राजाने व्हर्डन येथे एका दिवसात साडेचार हजार सॅक्सन कैद्यांची मुंडकी उडविली असे त्याच्याच दरबारची बखर सांगते. आणि त्या सॅक्सनांस बाप्तिस्मा नाकारल्याबद्दल मृत्युदंड सांगणारा कायदाही त्याच राजाने केला. १०९९ त क्रूसेडवाल्यांनी जेरुसलेम घेतले तेव्हा त्या नगरात मुसलमान व ज्यू रहिवाश्यांची कत्तल झाली. हेच नगर सातव्या शतकात खलिफा उमरच्या वेळी मुसलमानांच्या हाती आले ते तहाने, आणि ११८७ त सलाउद्दिनाने ते परत घेतले तेव्हाही अशी कत्तल झाली नाही. सौम्य संस्थापकाचे अनुयायी कत्तल करितात आणि सशस्त्र संस्थापकाचे अनुयायी तह करितात, ही गोष्ट पहिल्या निवाड्यात कोठे बसवावयाची?

आता जेरुसलेम दूर राहिले. आपण आपल्या अचलपुरासच विचारू. इस्लामी राज्य म्हणजे अखंड धर्मयुद्ध असे मानणाराने ह्या नगराचा इतिहास एकदा मन लावून वाचावा. एलिचपूर ह्या नावाने ते वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होते. त्या घराण्याचा मूळ पुरुष फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क हा जन्माने विजयनगरकडील हिंदू. लहानपणी कैद होऊन मुसलमान झालेला. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळही फेरिस्त्याच्या बखरीप्रमाणे पाथरीच्या एका ब्राह्मण कुळात. ह्या दोन घराण्यांत वैर पडले ते कशावरून? कुराणाच्या अर्थावरून नव्हे. पूर्वजांची पाथरी आपल्या ताब्यात असावी अशी बुऱ्हाण निजामशहाची इच्छा. तिच्या मोबदल्यात तो दुसरा मुलूख देऊ करीत होता. वऱ्हाडच्या अलाउद्दिन इमादशहाने नकार दिला, आणि १५१८ च्या सुमारास निजामशहाने पाथरी बळाने घेतली. मुसलमान झालेल्या हिंदूंचे दोन वंश आजोबांच्या गावासाठी लढतात, हे वतनाचे भांडण मराठी माणसास समजावून सांगण्याची गरज नाही! पुढे १५६५ त राक्षसतागडीस दक्षिणेतल्या शाह्या विजयनगरावर एकवटल्या तेव्हा वऱ्हाडची शाही त्यांत नव्हती. आणि १५७४ त ही इमादशाही बुडविली ती कोणा हिंदू राजाने नव्हे, तर अहमदनगरच्या मुर्तुजा निजामशहाने.

अचलपुराच्या उत्तरेस गाविलगड उभा आहे. तो अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास बांधला. १८०३ त तो नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि त्याचा किल्लेदार बेनीसिंग हा रजपूत होता. २९ नोव्हेंबर रोजी अडगावची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली एलिचपुरास आला, तेथे त्याने जखमींसाठी इस्पितळ घातले, आणि १५ डिसेंबर रोजी त्याच्या व स्टीव्हन्सनच्या फौजांनी गड घेतला. बेनीसिंग व त्याचे रजपूत दरवाज्याशी लढता लढता पडले. चढाई करणारे गोरे शिपाई ख्रिस्ती, त्यांच्या बरोबरीचे एतद्देशीय शिपाई हिंदू-मुसलमान, त्यांचा दोस्त निजाम मुसलमान, गडाचा धनी हिंदू आणि गड बांधणारा मुसलमान. हे कोणत्या धर्माचे युद्ध होते? ज्या कंपनीने ते केले ती त्या वेळी आपल्या मुलखात मिशनऱ्यांसही मोकळेपणी राहू देत नसे. १८१३ च्या सनदेपर्यंत त्यांना तशी मुभा नव्हती आणि विल्यम कॅरेने डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपूरचा आश्रय घेतला होता. कारण उघड आहे : धर्मोपदेशाने व्यापार बिघडेल ही धास्ती. त्याच ख्रिस्ती लोकांतून पुढे मेळघाटच्या कोरकूंत काम करणारे मिशनरी आले, आणि अचलपुराजवळ कोठारा येथे महारोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले. गाविलगडच्या दरवाज्यातील प्रेतांचा ढीग ख्रिस्ती धर्माच्या खात्यावर मांडावयाचा की कोठाऱ्याच्या रोग्यांच्या धुतलेल्या जखमा? जो एकच रकाना भरतो तो हिशेबनीस नव्हे, वकील आहे.

ह्यावरून धर्माचा हिंसेशी संबंधच नाही असे आम्ही सुचवितो असा कोणी समज करून घेऊ नये. व्यासपीठावरील मंडळींचा गळा येथेच दाटून येतो आणि त्यांचा तर्क येथेच बुडतो. राजकारणाने धर्माचे नुसते पांघरूण घेतलेले असते हे पुष्कळदा खरे; परंतु धर्मानेच तलवार घडविल्याची उदाहरणेही आहेत, आणि त्यांतील एक फार भयंकर उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात घडले.

गोव्याच्या बेटांतील देवळे १५४० पासून पाडली गेली, १५६० त तेथे धर्मसमीक्षणसंस्था, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाली, आणि १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे जमीनदोस्त झाली. ह्या वातावरणात रुदोल्फ आक्वाविवा नावाचा एक जेझुइट पाद्री गोव्याहून अकबराच्या दरबारी गेला. १५८० च्या आरंभी तो फत्तेपूर शिक्रीस पोहोचला आणि सुमारे तीन वर्षे तेथे राहिला. मुसलमान बादशहाच्या समोर, मुल्लांच्या देखत, तो इस्लामाचे खंडन करीत होता. बादशहाने त्याच्या जिवास धक्का लागू दिला नाही. १५८३ त तो सुखरूप परत आला आणि साष्टीतील मिशनचा मुख्य झाला. त्याच वर्षी १५ जुलै रोजी कुंकळ्ळीस चर्चसाठी जागा निवडावयास गेला असता, देवळे पाडल्याने संतापलेल्या हिंदू गावकऱ्यांनी त्याला चार जेझुइट सोबत्यांसह ठार केले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या मुख्यांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि तेथे त्यांची कत्तल केली. एकटाच उडी टाकून निसटला असे सांगतात.

वाचकहो, ह्या एका प्रसंगापुढे दोन्ही निवाडे उभे करून पाहा. तलवारीच्या धर्माच्या दरबारात पाद्री सुरक्षित. प्रेमाच्या धर्माच्या राज्यात बोलणीस आलेले गावकरी असुरक्षित. आणि ज्या आम्हां हिंदूंस सहिष्णुतेचे बाळकडू मिळाले म्हणतात त्यांच्या हातून निःशस्त्र पाद्र्यांचा वध! ह्यांतील एकाही पक्षाचे वर्तन त्याच्या ग्रंथावरून आधी वर्तविता आले नसते. ते वर्तविता आले असते एकाच गोष्टीवरून : धर्माधिकाऱ्याच्या पाठीशी राजदंड उभा होता की नव्हता. अकबराने १५६४ त जिझिया उठविला आणि मुल्लांच्या हातून राजदंड काढून घेतला. गोव्यात तो धर्माधिकाऱ्यांच्या हाती होता.

गोव्यातील ह्या संस्थेचा इतिहास अ. का. प्रियोळकरांनी कष्टाने जुळविला आहे. १५६१ ते १७७४ ह्या काळात तिने सोळा हजारांवर माणसांवर खटले चालविले, आणि त्यांतील बहुतेक बाप्तिस्मा घेतलेलेच होते! कोणी घरात तुळस ठेवली, कोणी जुन्या चालीचा उपास केला, हे गुन्हे. ज्या साष्टीत फादर स्टीफन्सने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचिले आणि १६१६ त ते छापून निघाले, त्याच गोव्यात १६८४ त लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावे असे फर्मान निघाले. धर्माच्या हाती तलवार आली म्हणजे तिचे पहिले पाते परधर्मीयावर पडते खरे, परंतु मागाहून ती घरातच फिरत राहते. इस्लामातही हेच दिसते. बगदादेत मन्सूर हल्लाजला ९२२ त मारिले तो मुसलमान होता. उपनिषदांचे फारसी भाषांतर करणारा दारा शुकोह १६५९ त मारला गेला तो मुसलमान होता, आणि त्याला धर्मभ्रष्ट ठरविणारे मौलवीही मुसलमानच होते.

येथे प्रतिपक्ष आपले शेवटचे शस्त्र काढील : “हे सारे जुने झाले. ख्रिस्ती जग सुधारले. मुसलमान जग सुधारले नाही.” ह्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. धर्मत्यागास देहान्त शासन सांगणारे कायदे आज ज्या थोड्या देशांत उरले आहेत ते सर्व मुस्लिम देश आहेत. पाकिस्तानात पैगंबरनिंदेस मृत्युदंड ठेवणाऱ्या कायद्याविरुद्ध बोलल्याबद्दल पंजाब प्रांताचे गव्हर्नर सलमान तासीर ह्यांस ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या, आणि त्या मारेकऱ्यावर वकिलांनी फुले उधळली. ह्यास ‘काही माथेफिरूंचे कृत्य’ म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. माथेफिरू एक असतो; फुले उधळणारे शिकलेले असतात.

परंतु ख्रिस्ती जग सुधारले ते कसे? बायबल अधिक लक्षपूर्वक वाचल्याने नव्हे. १६१८ पासून १६४८ पर्यंत कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट एकमेकांस कापीत राहिले, जर्मनीचे मुलूखच्या मुलूख ओस पडले, आणि मग थकून त्यांनी तह केला. पुढे शे-दोनशे वर्षांत चर्चच्या हातून राजदंड हळूहळू, पुष्कळदा चर्चच्या इच्छेविरुद्ध, काढून घेण्यात आला. गोव्याचे इन्क्विझिशन १८१२ त कायमचे बंद झाले तेही राजाज्ञेने. त्याला पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. आणि ही सुधारणा तरी किती पक्की? १९९४ त रुवांडा ह्या बहुसंख्य ख्रिस्ती देशात आश्रयास आलेले लोक चर्चच्या भिंतींच्या आतच मारले गेले, आणि एका कॅथॉलिक धर्मगुरूस त्या कत्तलीबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने शिक्षा दिली. ख्रिस्ती माणसाचा स्वभाव बदललेला नाही. त्याच्या बहुतेक देशांत धर्मपीठाच्या हाती तलवार राहिली नाही, एवढेच झाले आहे. आणि एवढे झाले तरी ते थोडे नव्हे.

मग दोन धर्मांत काहीच भेद उरत नाही काय? उरतो, परंतु प्रतिपक्ष म्हणतो तेथे नव्हे. चर्चच्या हिंसेविरुद्ध उठणाऱ्या ख्रिस्ती माणसास चर्चच्या डोक्यावरून थेट ख्रिस्ताकडे दाद मागता येते. प्रिसिलियनच्या रक्तासाठी आसुसलेल्या बिशपांस विरोध करणारा मार्टिन असो, की १५५३ त जिनिव्हात सर्व्हेटस ह्यास जिवंत जाळल्यावर त्याविरुद्ध लेखणी उचलणारा कास्तेलियो असो, त्याला संस्थापकाच्या चरित्रात आडवे येणारे काही नव्हते. मुसलमान सुधारकाचे काम अधिक अवघड आहे. त्याला मदिनेचा काळ कालसापेक्ष ठरवावा लागतो, मक्केतील सहनशीलता आणि धर्मात बळजबरी नसावी हे कुराणातील वचन ह्यांचे महत्त्व वाढवावे लागते, आणि हे करीत असता पैगंबराचा अवमान केल्याचा आळ सोसावा लागतो. ह्या भेदावरून इस्लाम सुधारणार नाही असे अनुमान काढणे हे तर्काचे दिवाळे आहे. त्यावरून निघणारे खरे अनुमान असे, की जो मुसलमान हे अवघड काम पत्करतो त्याचे मोल अधिक आहे आणि त्याला आमचा आधारही अधिक हवा.

तो आम्ही दिला काय? हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईस सचिवालयावर नेला आणि १९७० त पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. त्यांच्या समाजाने त्यांच्यावर रोष धरिला हे सर्वश्रुत आहे. परंतु आमच्या दोन्ही निवाडेवाल्यांनी तरी काय केले? पहिल्यांनी त्यांची मुसलमानांवरील टीका तेवढी उचलली आणि हिंदू जातीयवादावरील टीका गिळून टाकली. दुसऱ्यांस ते अडचणीचेच वाटत राहिले. कारण इस्लामात सारे आलबेल असेल तर हा गृहस्थ कशासाठी जीव टाकतो, ह्याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते.

आतून उठलेला विरोध अपुरा असला तरी त्याची किंमत कशी ओळखावी ह्याचा दाखला दक्षिणच्या इतिहासातच आहे. बाप जिवंत असता तख्त घेणाऱ्या औरंगजेबास अनुकूल फतवा देणारा काजी अब्दुल वहाब. त्याचा मुलगा शेख-उल्-इस्लाम पुढे मुख्य काजी झाला. विजापूर व गोवळकोंडा ह्या मुसलमान राज्यांवरील स्वारी धर्मसंमत आहे असे म्हणावयास त्याने नकार दिला आणि पद सोडून तो मक्केस गेला. त्याचा आक्षेप मुसलमानांच्या रक्तापुरता होता. १६७९ त बसविलेल्या जिझियासाठी त्याने पद सोडले नव्हते, हेही सांगितलेच पाहिजे. तरी बादशहापुढे उभा राहून ‘हे धर्मात बसत नाही’ म्हणणारा हा काजी बापाच्या वाटेने गेला नाही.

शेवटी एक प्रश्न आम्हांसच. ह्या खटल्यात न्यायाधीशाची खुर्ची हिंदू सुशिक्षिताने आपणहून ओढून घेतली आहे; तिच्यावर बसण्याचा त्याचा अधिकार कोणता? रझाकारांनी हैदराबाद संस्थानात केलेले अत्याचार आम्हांस तोंडपाठ आहेत, आणि ते असावेतच. परंतु सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्याच संस्थानात मुसलमानांची जी कत्तल झाली, तिच्यातील मृतांची संख्या सरकारनेच पाठविलेल्या सुंदरलाल समितीने निदान सत्तावीस ते चाळीस हजार मानली, आणि तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांपुढे आला नाही. तो किती घरांत वाचला गेला? ओरिसात महारोग्यांची सेवा करणाऱ्या ग्रॅहॅम स्टेन्स ह्यांस जानेवारी १९९९ त दोन कोवळ्या मुलांसह जिवंत जाळण्यात आले. जाळणारांच्या धर्मग्रंथात अहिंसा हा परम धर्म म्हटला आहे. तो काय कामाचा झाला?

म्हणून धर्मांची तुलना करावयाचीच असेल तर ग्रंथांस कटघऱ्यात उभे करून काही साधणार नाही. दोन प्रश्न विचारावे. धर्माधिकाऱ्याच्या हाती आज तलवार आहे काय? आणि असेल, किंवा तो ती मागत असेल, तर त्याच्याच पंक्तीला बसणारा कोणी त्याचे मनगट धरीत आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने द्यावयाचे आहे, आणि ते कोणाच्याही भावनेकडे न पाहता द्यावयास हवे. दुसऱ्याचे उत्तर मात्र बाहेरचा कोणी देऊ शकत नाही. मशिदीतल्या हाताचे मनगट मशिदीतल्या माणसाने, चर्चमधल्याचे चर्चमधल्याने आणि देवळातल्याचे देवळातल्याने धरावयाचे असते; बाहेरच्याने धरिले तर तो हल्ला ठरतो.

अचलपुरात दुल्हा रहमान गाझीचा दर्गा आहे. लग्नाच्या वेषात गझनीहून निघालेला हा वीर ईल राजाशी लढला अशी कथा सांगतात. गझनीच्या महमुदाच्या स्वाऱ्या वऱ्हाडापर्यंत कधी आल्याच नाहीत. तरी कथेस तलवार हवीशी वाटली. तथापि त्या दर्ग्यास नवस बोलणाऱ्यांत हिंदूही असतात, आणि नवस बोलताना कोणी कथेतील तलवारीची धार पाहत नाही. दुल्हा दरवाज्याचे नाव त्याच नवरदेवाची आठवण देते. त्या कमानीखाली पुन्हा कधी जमाव जमेल तेव्हा समोरच्याचा धर्म कोणत्या शतकात काय करीत होता ह्याची उजळणी करणारे पुष्कळ निघतील. आपल्या गल्लीतल्या पोराच्या हातातला दगड काढून घेणारे किती निघतील, एवढ्यावरच त्या गल्लीच्या धर्माची परीक्षा व्हावी.